बाबांनी बॉनेट उघडलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी लाँड्रीची गाडी आहे. माझा रंग उडालाय, मागचं दार कुरकुरतं. पण माझ्या पोटात अजून ताज्या इस्त्रीचा वास असतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही, तिथे सगळी घाईच होती. माझं आयुष्य खरं सुरू झालं ते शोरूममध्ये. हॉटेलांच्या चादरी धुऊन पोचवणाऱ्या एका बाईने मला पसंत केलं. सोबत तिचे बाबा होते. त्यांचा जन्म गॅरेजात गेलेला. लेकीच्या पहिल्या सायकलीपासून सगळं त्यांनीच दुरुस्त केलं होतं. आता गॅरेज बंद करून ते घरी बसले होते. मला पाहताच त्यांचे हात शिवशिवू लागले.

तेवढ्यात विक्रेता म्हणाला, "वाढीव वॉरंटी घेऊन टाका. अट एकच. बाहेरच्या माणसाने इंजिनाला हात लावला, तर ती रद्द."

"मग नको," लेक म्हणाली. "आमच्या घरातच मेकॅनिक आहे."

"अगं, घे," बाबा म्हणाले. "गाडी अडली तर तुझा धंदा बसेल. मला आता वाकवतं तरी कुठे?"

"आणि रविवारी काय करणार तुम्ही?"

"काच पुसेन की! काच पुसायला बाहेरचा माणूस चालतो ना हो?"

विक्रेता हसला. लेकीला हसू आलं नाही, पण तिने वॉरंटी घेतली.

मग दर रविवारी बाबा बादली आणि फडकं घेऊन यायचे. मला लख्ख पुसायचे. इंजिन सुरू असलं की बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहायचे. उघडलं मात्र कधीच नाही. एकदा भर रस्त्यात माझा गिअरबॉक्स बिघडला. कंपनीने तो फुकटात बदलून दिला. "बघ, घेतलीस ते बरं झालं," बाबा लेकीला म्हणाले, आणि आत जाऊन आपल्या पान्यांना तेल लावत बसले. मला फार वाईट वाटलं. वाटायचं, आपण थोडंसं बिघडावं, अगदी त्यांच्यापुरतं.

शेवटी वॉरंटीची मुदत संपली. त्याच सकाळी लेकीने बाबांची हत्यारांची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली.

"या बाबा. आता तुम्ही बाहेरचे नाही."

बाबांनी बॉनेट उघडलं. पण एवढ्या वर्षांत हात थरथरू लागले होते. पाना नटावर बसेना. लेकीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"हळू गं," बाबा म्हणाले. "नट आहे तो, वैरी नाही."

नट फिरला. तेव्हापासून बाबा खुर्चीत बसून सांगतात आणि ती माझी दुरुस्ती करते. कधी चुकते, मग बोलणी खाते. मी दोघांच्या हातात सुखात आहे.

मित्रांनो, नवी गाडी घ्याल तेव्हा वॉरंटीचा विचार जरूर करा. पण त्यापायी घरातल्या कुणाचे हात रिकामे होणार असतील, तर त्यांच्यासाठी एक बादली आणि फडकं तरी ठेवा. आणि मुदत संपली की त्याच दिवशी त्यांना हाक मारा. ते वाट पाहत असतात.