हातमोज्याची प्रगती

मास्तरांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत हातमोजा उचलला, नाकापाशी नेला आणि मेलेला उंदीर धरावा तसा लगेच लांब धरला. चाळीस वर्षं त्यांनी सलूनमध्ये लोकांची डोकी हाताळली होती. वासावरून ते माणसाच्या घरातली भांडणं ओळखत. या मोज्याला निदान चार माणसांच्या घामाचा वास होता, आणि चौघांपैकी एकाचीही आंघोळीशी विशेष ओळख नसावी.

"काका, घाला ना," रुग्णालयातून आलेल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "सगळे पेशंट हाच घालतात."

"तेच तर," मास्तर म्हणाले.

मोजा शेवटी चढवला गेला. बाईंनी आणि बायकोने मिळून, गाढवावर खोगीर चढवावं तसा. अर्धांगाच्या झटक्याला दोन महिने झाले होते. पाय सुधारला होता, जीभ तर नको इतकी सुधारली होती. उजवा हात मात्र घरी आलेल्या जावयासारखा वागत होता. सगळीकडे बरोबर यायचा आणि काडीचं काम करायचा नाही.

मोज्यात तारा होत्या आणि समोर पडदा होता. मूठ उघडली की पडद्यावरचा फुगा फुटणार आणि एक बाई आतून 'वा, किती छान' म्हणणार. किती फुगे फुटले ते परस्पर रुग्णालयात कळणार आणि तिथे एक रेघ वर चढत जाणार. ती हिरव्या पट्ट्यात पोचली की हात कामाला लायक. रोज तासभर करा, बाईंनी बजावलं, आता हे दोनतीन महिनेच मोलाचे आहेत, नंतर हात ऐकणार नाही.

हिरव्या पट्ट्याचं महत्त्व बाईंपेक्षा मास्तरांना जास्त ठाऊक होतं. सलूनमधली खिडकीजवळची पहिली खुर्ची त्यांची. झटक्यानंतर ती रिकामी होती आणि दुसऱ्या खुर्चीपाशी मुलगा एकटा दिवसभर उभा राहून वाकला होता. एक तरबेज कारागीर पुढच्या एक तारखेपासून यायला तयार होता. मुलाने केर काढता काढता, पाठ वळवूनच, सांगून टाकलं होतं की तोवर रेघ हिरव्यात गेली तर खुर्ची तुमची. नाहीतर त्याला देऊ, तुम्ही बाकावर बसून पेपर वाचा. बाकावर बसून पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना मास्तरांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्यांच्या कानातले केस ते फुकट कापत.

पहिल्या दिवशी मास्तरांनी जीव खाऊन मूठ उघडायचा प्रयत्न केला. करंगळी हलल्यासारखी वाटली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ मात्र नक्की आली.

"वा, किती छान प्रयत्न," पडद्यातली बाई म्हणाली.

मास्तरांनी पडद्याकडे डोळे वटारले. अकरा कारागीर त्यांच्या हाताखाली तयार झाले होते आणि एकालाही त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. काम जमलं की ते पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवत, बस. इथे एक बाई त्यांना करंगळीसाठी ओवाळत होती. आणि वर तो वास. रात्री जेवताना तो हाताला आला, उशीला आला, शेवटी बायकोलाही येऊ लागला म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला फर्मावलं की मोजा जंतुनाशकात बुडव. सलूनमध्ये कंगवे आणि कात्र्या ठेवतात त्या निळ्या पाण्यात, रात्रभर.

"अहो, त्यात तारा आहेत."

"कात्रीतही स्क्रू असतो."

मोजा भिजला, उन्हात वाळला, स्वच्छ झाला. वास गेला. मास्तरांनी तो पहिल्यांदा न कुरकुरता चढवला आणि फुगे पटापट फुटू लागले. हात जरा थरथरला की फुगा. श्वास घेतला की फुगा. त्या दिवशी ते इतके हरखले की बायकोने केलेली दाढीसुद्धा त्यांना चालली, हनुवटीखाली गवत राखलेलं असूनही.

दोन दिवसांनी दुपारी बायको मटार सोलत बसली होती. मोजा टेबलावर एकटाच पडला होता, मास्तर पलंगावर. पंख्याच्या वाऱ्याने मोज्याची बोटं किंचित हलली. फुगा फुटला. मग दुसरा. मोजा एकट्याने चाळीस फुगे फोडेपर्यंत दोघं बघत राहिले. पडद्यातल्या बाईने त्याचं तोंड भरून कौतुक केलं.

"बंद करू?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"असू दे."

त्यानंतर तीन आठवडे मोजा रोज तासभर व्यायाम करत होता. त्याची प्रकृती झपाट्याने सुधारत होती. मास्तरांचा हात शेजारी झाकून ठेवलेला असे, कारण त्याच्याकडे बघवत नसे. फुगलेला, पांढुरका, शिळ्या पिठाच्या गोळ्यासारखा. रुग्णालयातून फोन आला, रेघ हिरव्यात गेली होती. मास्तरांनी आभार मानले आणि फोन धोतरासारखा झटकून खाली ठेवला. फोनवरच्या आवाजातला गोडवा त्यांना कानाला चिकटल्यासारखा वाटत राहिला.

एक तारखेला सकाळी मुलाने सलूनचं दार उघडलं. मास्तर आत आले तर पहिल्या खुर्चीवरची चादर काढलेली, आरसा पुसलेला. मुलगा स्वतःच खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि मान मागे टाकली.

"करा सुरुवात, बाबा."

ब्रश त्यांनी डाव्या हाताने उजव्यात कोंबला. फेस गालाला लागला, कानात गेला, एका नाकपुडीत शिरला. मुलगा डोळे मिटून होता. नाकपुडीतला फेस श्वासाबरोबर आत-बाहेर होत होता.

मग वस्तरा. उजव्या हाताच्या बोटांवर ठेवला तर तो घसरला आणि फळीवर पडला. त्यांनी पुन्हा ठेवला, डाव्या हाताने बोटं वरून आवळून धरली आणि दोन्ही हातांचं ते बोचकं मुलाच्या गळ्याशी नेलं.

मुलाचा चेहरा शांत होता. गळ्याची घाटी मात्र वर गेली आणि खाली आली. एकदा, मग लगेच पुन्हा. हजारो गळे मास्तरांच्या हाताखालून गेले होते. माणूस कधी झोपाळलाय आणि कधी नुसता धीर धरून बसलाय, हे त्यांना चेहऱ्याकडे न बघता कळत असे.

त्यांनी वस्तरा मिटला. मिटायलाही डावा हात लागला.

"तो मोजा खोटा आहे," ते म्हणाले. "मी भिजवून बिघडवला. तीन आठवडे मी काहीच केलेलं नाही."

"आईने सांगितलंय," मुलगा डोळे न उघडता म्हणाला. "तेव्हाच."

"मग बसलास कशाला?"

मुलाची घाटी पुन्हा एकदा हलली, पण या वेळी भीतीने नव्हे.

मास्तरांनी टॉवेल घेतला. सवयीने डाव्या हातात घेतला होता. तो त्यांनी उजव्यावर टाकला आणि ते जड धूड खांद्यातून ढकलत मुलाच्या कानापाशी नेलं. टॉवेल घसरला. पुन्हा टाकला. कानातला फेस कमी होण्याऐवजी मानेवर पसरला.

"हलू नकोस," ते खेकसले.

मुलगा हललाच नव्हता.

दार ढकलून एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि दोघांकडे बघून उंबऱ्यावरच घुटमळलं. मास्तरांनी आरशातूनच त्याला बाक दाखवला.

"बसा," ते म्हणाले. "वेळ लागेल."