शेडमधली पाल

त्या रविवारी रंगनाथच्या द्राक्षांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निफाडच्या अलीकडच्या सगळ्या वस्त्यांवरून माणसं आली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात तांब्याचा पेला, पेल्यात पाणी. क्रेटच्या थप्पीवर टीव्ही, टीव्हीला झेंडूची माळ आणि पडद्यावर ठळक अक्षरं: 'अर्धशिशीमुक्ती ऑनलाइन आरोग्य परिषद. थेट प्रक्षेपण.'

शेड रंगनाथचं, टीव्ही रंगनाथचा, आणि डोकं दुखणारी सूनही रंगनाथचीच.

हर्षाली लग्न होऊन आली तेव्हापासून अधूनमधून अंधाऱ्या खोलीत पडायची. अर्धं कपाळ ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, भांडं वाजलं तरी ती कळवळायची. लोक म्हणत, कामाच्या वेळीच बरं दुखतं. पाहुण्यांनी विचारलं, "सूनबाई दिसंना कुठं?" की रंगनाथ ओशाळून म्हणायचा, "माहेरी गेलीय." आणि ती भिंतीपलीकडे पडून ते ऐकत असायची.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी रोजच्या गोळ्या दिल्या तेव्हा दुखणं बरंच हटलं. त्यांनीच सांगितलं की मायग्रेनवर, म्हणजे अर्धशिशीवर, एका रविवारी संध्याकाळी डॉक्टरांची ऑनलाइन परिषद आहे, रुग्णांनाही बसता येतं, विचारता येतं. हर्षालीने नाव नोंदवलं. काय काय विचारायचं ते ती सासूबाईंशी, कुसाबाईंशी बोलून ठरवायला लागली. तेच ऐकून रंगनाथ मोबाइलवर परिषद शोधायला गेला आणि त्याला तेजोनाथ महाराज सापडले. त्यांचीही परिषदच, त्याच रविवारी, फक्त दुपारी.

"तुझे डॉक्टर नुसती माहिती सांगणार," तो म्हणाला. "हितं दुखणं मुळातून जातंय."

महाराजांची पूर्वतयारी कडक होती. त्यांच्याकडूनच भारलेला पेला घ्यायचा. आठवडाभर चहा बंद, गोळी बंद. रंगनाथने सुनेच्या गोळ्या कपाटात घातल्या आणि किल्ली कनवटीला लावली.

"अशा एकदम थांबवायच्या नसतात, नाना," हर्षाली म्हणाली.

"आठवड्यानं काय होतंय?"

काय होतं ते दोन-तीन दिवसांत दिसलं. ती उठेनाशी झाली. कुसाबाई ओल्या फडक्याची घडी तिच्या कपाळावर ठेवायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या. तो म्हणायचा, "जायच्या आधी दुखणं उसळी मारतं. महाराज म्हणालेत."

शनिवारी याच शेडमध्ये तालमीची बैठक झाली. महाराज पडद्यावरून गरजले, "मी आत्ता, या क्षणी तुम्हा प्रत्येकाकडे बघतोय. सूर्य उतरला, शूळ उतरला! ज्याचा उतरला त्याचं भाग्य. ज्याचा नाही उतरला, त्याची श्रद्धा उतरली!"

तेवढ्यात पाल चुकचुकली. बायांनी जमिनीवर बोटं आपटली, "कृष्ण, कृष्ण." एक म्हातारी म्हणाली, "पालीनं साक्ष दिली. बोललेलं खरं व्हणार." आणि रंगनाथचा मित्र भिमाजी उठून उभा राहिला. आठवडाभर त्याचं डोकं नुसतं फुटत होतं, ते आजच थांबलं होतं. वस्त्यावस्त्यांवर बातमी गेली ती अशी.

म्हणून रविवारी ही गर्दी. रंगनाथ दाराशी उभा राहून येणाऱ्याला बसवत होता. किती दिवसांनी त्याची मान ताठ होती. शेवटचा मंत्र आला. आरती रोज तीच असते, तसा मंत्रही कालचाच होता, त्यात कुणाला काही खटकलं नाही.

"...त्याची श्रद्धा उतरली!"

पाल चुकचुकली.

"कृष्ण, कृष्ण!" सगळं शेड दणाणलं. दोनदा साक्ष म्हणजे काही बाकीच राहिलं नाही.

"नाना," मागून आवाज आला. हर्षाली दाराची चौकट धरून उभी होती. डोक्याला फडकं आवळलेलं, डोळे अर्धे मिटलेले. "ही कालचीच पाल आहे."

"आत जा. लोक बघतायत."

"आता ते घसा खाकरतील. दोनदा."

महाराजांनी घसा खाकरला. दोनदा.

"आता लांब गाडीचा हॉर्न वाजेल. मग म्हणतील, घाई करू नका रे बाळांनो."

हॉर्न वाजला. "घाई करू नका रे बाळांनो," महाराज म्हणाले.

भिमाजीने मान वळवली. मग त्याच्या पुढच्याने. कालची म्हातारी हात जोडून हर्षालीच्या पाया पडायला निघाली. "महाराज हिच्याच अंगात आले गं बाई!"

"अंगात काही आलं नाही, आजी," हर्षाली मागे सरकली. "काल मी या शेडच्या भिंतीपलीकडच्या खोलीत पडले होते. डोकं असं दुखतं तेव्हा एकेक आवाज खिळ्यासारखा बसतो. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. पाल या शेडमध्ये नाही, टीव्हीत आहे. महाराज आत्ता कुठं बसलेत देव जाणे. हे कधीचं तरी भरून ठेवलेलं लावलंय."

"थेट दाखवतात म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"मग विचारा त्यांना, आज वार कोणता."

विचारायची सोय नव्हती. तिथे फक्त पेले मागवता येत होते.

"मग माझं डोकं थांबलं ते?" भिमाजी चिडला.

"काका, याआधी कधी दुखलं होतं?"

"जन्मात नाय."

"आणि चहा किती घेता?"

शेडमध्ये हशा पिकला. भिमाजीची किटली सगळ्यांना ठाऊक होती.

"रोज भरपूर चहा घेणाऱ्यानं तो एकदम तोडला की डोकं दुखतं. आठवड्याभरात आपोआप थांबतं. महाराजांनी चहा तोडायला लावून ते दुखणं आधी दिलं, मग काढलं. माझी अर्धशिशीही अशीच चढते आणि ओसरते. ओसरताना जो समोर असेल, त्याचा चमत्कार."

बोलता बोलता ती क्रेटवर बसली. चेहरा राखेसारखा झाला होता.

"एवढं कळतं तर गोळ्या कशाला सोडल्यास?" भिमाजी म्हणाला.

हर्षालीने खाली बघितलं. सांगता आलं असतं, पण तिने चारचौघांत सासऱ्याची लाज राखली. रंगनाथला ते झोंबलं. एवढी वर्षं त्याने हिला लपवलं होतं, आणि आज ही त्याला झाकत होती.

त्याने टीव्ही बंद केला. कनवटीची किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"तिनं नाय सोडल्या. मी कुलपात घातल्या. आणि ती माहेरी गेलीय असं मी तुम्हाला सांगायचो ना, तेही खोटं. ती हितंच असायची, आजारी. सोंग नव्हतं. सोंग त्या टीव्हीत होतं, आणि ते मी घरात आणलं."

कुसाबाईंनी त्याच्या हातातून किल्ली घेतली. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारायला त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

जो दुखण्यावर इलाज सांगतो, त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे. जो चालू औषध बंद करायला लावतो आणि उलट विचारू देत नाही, त्याच्या पुढ्यात पेला मांडायच्या आधी घरातल्या आजारी माणसाला विचारावं. ज्याला दुखतं, त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक नसतं.

संध्याकाळी रंगनाथने उजेड येऊ नये म्हणून सुनेच्या खोलीच्या खिडकीला बागेची जाळी दुहेरी करून बांधली. मोबाइलचा उजेड अगदी मंद केला, आवाज बारीक केला. डॉक्टरांची परिषद सुरू झाली. ती डोळे मिटून ऐकत होती, तो उंबऱ्यावर बसला होता.

शेवटी पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "घरच्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

रंगनाथ उंबऱ्यावरून पुढे सरकला. मग दबक्या आवाजात सुनेला म्हणाला, "हात वर करायचं बटण कुठं हाय?"