कुलाब्याच्या नकाशाला आलेली किळस

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. माझ्याजवळ येणार असाल तर आधी नाकाला रुमाल लावा, कारण माझ्या अंगाला उंदरांच्या मुताचा वास येतो. माझा खालचा दांडा वाळवीने पोखरला आहे आणि अलिबागच्या बाजूला झुरळांनी अंडी घातली आहेत. पण मला खरी किळस या घाणीची नाही. उंदीर उंदरासारखा वागला, वाळवी वाळवीसारखी. भिंतीवर दिमाखात टांगलेला असताना वर्गात जे ऐकले, त्याची मला किळस आहे.

माझा जन्म पुण्यातला. एका कारागिराने गुळगुळीत दगडावर उलटी अक्षरे काढून मला कागदावर छापले. उल्हास नदीला निळी रेघ मिळाली, डोंगरांना तपकिरी रंग, आगगाडीच्या रुळांना काळी शिवण. मग मला मांजरपाटाच्या जाड कापडावर चिकटवले, वरून रोगण दिले आणि वर-खाली सागाचे दांडे बसवले. माझ्या कपाळावर ठसठशीत लिहिले होते, ‘कुलाबा जिल्हा’, म्हणजे अलिबागपासून कर्जतपर्यंतचा सगळा मुलूख. जर्मनीची लढाई, म्हणजे पहिले महायुद्ध, तेव्हा नुकतीच संपली होती. मला गुंडाळून आगगाडीत घातले. बोरघाट उतरताना आपण आपल्याच अंगावरून खाली येत आहोत, असे मला वाटले आणि मी मनातल्या मनात हसलो.

कर्जतमधल्या एका इंग्रजी शाळेत मी आलो. तिथले लेले मास्तर मला हात लावण्यापूर्वी आपले हात धूत आणि मुलांनाही धुवायला लावीत. ते मला पडवीत जमिनीवर पसरत. मुले माझ्याभोवती पालथी पडून आपापली गावे बोटाने शोधत. कोणाला कडाव सापडे, कोणाला खालापूर. ज्याचे गाव माझ्यावर नसे त्याला लेले मास्तर म्हणत, “चूक नकाशाची, तुझी नाही.” हे ऐकून मला वाईट वाटत नसे. खरेच होते ते.

लेले मास्तर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले आणि त्यांच्या जागी ओगले मास्तर आले.

ओगले मास्तरांचे नाव मोठे होते. मॅट्रिकचा निकाल लावावा तो त्यांनीच, असे लोक म्हणत. पालक त्यांना रस्त्यात वाकून नमस्कार करीत. इतिहास-भूगोलाचा पेपर कसा येणार हे त्यांना आधीच कळते, अशी ख्याती होती. त्यांची रीत सोपी होती. आपणच प्रश्न हेरायचे, आपणच उत्तरे उतरवून द्यायची आणि मुलांनी ती घोकायची. लढाईची कारणे पाच आणि परिणाम चार. कोण कोणाशी कशासाठी लढले, हे कोणी विचारायचे नाही.

त्यांना तपकिरीची सवय होती. चिमूट ओढून झाली की ते बोटे पुसत ती माझ्या अरबी समुद्राला. शिंक आली तर तोंड माझ्याकडेच वळे. वेताच्या छडीने गावे दाखवताना ती इतक्या जोराने खुपसत की खालापूरला भोक पडले. आणि सगळा वर्ग, पावसाळ्यातली बेडके डबक्यात ओरडतात तसा, एका सुरात उत्तरे ओरडे. त्या आवाजात एकही मूल मला ओळखू येत नसे.

फक्त एक येई. त्याचे नाव शुक्रा.

शुक्रा कळंबच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका ठाकूरवाडीचा, ठाकूर जमातीच्या वस्तीतला. त्याच्या वाडीतून मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचलेला तो पहिलाच. लेले मास्तरांनी त्याच्या आईला, कोंडीला, समजावून त्याला शाळेत आणले होते. तो भिसेगावात पोपट नावाच्या वर्गमित्राच्या घरी राही. पहाटे त्यांचा गोठा झाडी, गुरांना पाणी दाखवी आणि मग दोघे मिळून शाळेत येत. घंटा व्हायच्या आधी दोघे माझ्यासमोर उभे राहून अभ्यास करीत. पोपटाचे पाठांतर भक्कम. पुढच्या ओळीचा धागा कधी सुटायचा नाही. शुक्राचे तसे नव्हते. त्याला दर ओळीला शंका येई.

एकदा त्याने भर वर्गात विचारले, “मास्तर, उन्हाळ्यात आमच्याकडच्या समद्या नद्या आटतात. मग पाताळगंगा कशी व्हाती?”

खोपोलीच्या वीजघरातून सुटलेले पाणी तिच्यात येते, हे मला ठाऊक होते. मला तोंड असते तर मी सांगितले असते. ओगले मास्तरांनी तपकिरीची डबी मिटली आणि विचारले, “पेपरात येणार आहे का हे?”

“ठाऊक नाय, मास्तर.”

“मला ठाऊक आहे. नाही येणार. बस खाली.”

त्या वर्षी हिवाळ्यात मास्तरांनी एक नवा प्रश्न हेरला. ‘कुलाबा जिल्ह्यातील डोंगराळ भागातील लोकांचे वर्णन करा.’ हा हमखास येणार, असे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले आणि उत्तर उतरवून दिले. “डोंगराळ भागातील लोक स्वभावतः आळशी, अस्वच्छ व व्यसनी असतात. त्यांना उद्याची चिंता नसते. चोरी व लबाडी त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. शिक्षणाची त्यांना गोडी नाही.”

सगळ्यांचे टाक खाली वाकले. शुक्राचा टाक ‘आळशी’पाशी थांबला. मास्तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. “काय झाले? शाई संपली?”

त्याने मान खाली घातली आणि पुढे लिहिले. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. वरच्या जागेवरून मला त्याचे कान लाल झालेले दिसत होते. मला किळस आली ती मास्तरांच्या आवाजाची. भाताचे भाव सांगावेत तितक्या निवांतपणे ते सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून घोकणी सुरू झाली. शुक्राचे शब्द स्पष्ट होते, म्हणून मास्तर त्यालाच माझ्याजवळ उभे करीत. “तू आधी म्हण, बाकीचे मागून म्हणतील.” एखादा चांगला विनोद केल्यासारखे ते मिशीत हसत. शुक्रा म्हणे आणि वर्ग मागून ओरडे.

असाच एक दिवस. शुक्रा छडी हातात धरून म्हणत होता आणि खिडकीच्या गजांना धरून त्याची आई उभी राहिली. कोंडी लाकडांची मोळी घेऊन बाजाराला आली होती. मोळी पायाशी टेकवलेली, कमरेला कोयता, पाय ढोपरापर्यंत धुळीने माखलेले. पळसाच्या पानात तिने लेकासाठी भाजलेले कंद बांधून आणले होते. लेकाचा आवाज ऐकून ती आधी हरखली. मग ऐकत राहिली. पुस्तकी भाषा तिला सगळी कळली नसेल, पण ‘आळशी’ आणि ‘चोरी’ हे शब्द कळायला शाळा लागत नाही.

तिला पाहून शुक्राने ओळ अर्ध्यावर सोडली. वर्ग थांबला.

“शुक्रा,” ती हळूच म्हणाली, “ह्ये कोनाचं सांगतंस रं?”

शुक्राने छडी खाली केली.

“परीक्षेचं हाय, आये.”

“परीक्षेला असं खोटं बोलाया लागतं?”

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसले. ओगले मास्तर खिडकीजवळ गेले आणि छडीने गज वाजवून म्हणाले, “बाई, बाजूला हो. अभ्यास चालला आहे. आणि ती मोळी उचल आधी, पडवी घाण होते.”

कोंडीने पानाची पुरचुंडी गजांतून आत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मोळी एकटीने डोक्यावर घेतली आणि चालू लागली. तिची मोळी उचलून द्यायला कोणी उठले नाही. शुक्रा उठला असता, पण मास्तर म्हणाले, “हं, पुढे. ‘त्यांना उद्याची चिंता नसते.’” तपकिरीचे डाग मी वर्षानुवर्षे सोसले होते. त्या दिवशी मात्र भिंतीवरून गळून पडावेसे वाटले.

काही दिवसांनी शाळेची तपासणी करायला मोठे साहेब आले. फेटा, कोट, पायांत बूट. वर्गाला चुना लावला, मलाही ओल्या फडक्याने पुसले. पुसणाऱ्याने तेच फडके आधी मोरीत वापरले होते. मास्तरांनी मॅट्रिकच्या वर्गाची तयारी दाखवायला शुक्राला पुढे बोलावले. “साहेब, हा मुलगा स्वतः ठाकूर आहे. ऐका आता.”

साहेबांना मोठी गंमत वाटली. ते खुर्चीत सरसावून बसले.

शुक्रा माझ्याजवळ आला. छडी त्याने टेबलावरच ठेवली. लेले मास्तर शिकवीत तसे बोट माझ्यावर टेकले. कळंबच्या वर, जिथे मी नुसता तपकिरी आहे, जिथे एकही नाव नाही, तिथे. त्या बोटाचा दाब मला आरपार जाणवला.

“साहेब,” तो म्हणाला, “हितं माझी आई राहते. ती आळशी नाय.”

आणि बोट तिथेच ठेवून तो उभा राहिला.

आता काहीतरी होईल, असे मला वाटले. साहेब उठतील, काही विचारतील. साहेबांनी खिशातले घड्याळ पाहिले आणि मास्तरांना म्हणाले, “याचे पाठ झालेले दिसत नाही. दुसरा कोणी?”

मास्तरांनी पोपटाकडे बोट केले. पोपट उठला. ज्याच्याबरोबर तो एका घोंगडीत झोपत होता, त्याच्याकडे त्याने पाहिले नाही. सबंध उत्तर त्याने एका दमात म्हटले, ‘शिक्षणाची त्यांना गोडी नाही’ येथपर्यंत.

“शाबास!” साहेब म्हणाले.

सुट्टीत दोघेच वर्गात राहिले. पोपट म्हणाला, “आरं, परीक्षा हाय ही. लिवायचं नि इसरून जायाचं. खरं कोन मानतो?”

“साहेब मानतो,” शुक्रा म्हणाला. “मास्तर बी मानतो. तू अजून दोनदा म्हन, तू बी मानशील.”

पोपटाने खिशातून चणे काढून पुढे केले. शुक्राने ते घेतले नाहीत.

मग निवड परीक्षा झाली. तिच्यात पास होईल त्यालाच शाळा मॅट्रिकला पाठवी. तो प्रश्न मास्तरांनी घातलाच होता. शुक्राने बाकीचा पेपर भरभरून लिहिला आणि त्या प्रश्नाची जागा कोरी ठेवली. मास्तरांनी त्याला माझ्यासमोरच बोलावले. मी भिंतीवर आहे, याची त्यांना काय पर्वा!

“तुझे डोके बरे आहे,” मास्तर मायेने बोलल्यासारखे बोलले, आणि तीच गोष्ट मला सगळ्यांत ओंगळ वाटली. “हे एवढे उत्तर आता इथे बसून लिही. मी तुला पाठवतो. तुझ्या भल्याचेच सांगतो आहे.”

“मास्तर, येवढं सोडून काय बी इचारा. समदं लिवतो.”

“नाही लिहिलेस तर घरी जा.”

“जातो, मास्तर.”

तो गेला. जाताना त्याने माझी सुटलेली दोरी खिळ्याला नीट अडकवली.

पोपट मॅट्रिकला बसला. परीक्षा देऊन आला तेव्हा मास्तरांनी त्याला वर्गात बोलावले. त्यांना आपली ख्याती मुलांना दाखवायची होती. “काय रे, तो डोंगराळ लोकांचा प्रश्न पहिलाच होता का?”

पोपटाने एकदा माझ्याकडे पाहिले. “तो प्रश्न आलाच नाय, मास्तर.”

मास्तरांनी डबी उघडली, तपकीर ओढली आणि बोटे माझ्या अंगाला पुसली. “यंदा आला नाही, म्हणजे पुढच्या वर्षी नक्की येणार,” ते म्हणाले. “लिहून घ्या.”

टाक पुन्हा खाली वाकले.

शुक्रा दुसऱ्या गावच्या शाळेत गेला आणि वर्षभराने तिथून मॅट्रिक झाला. हे मला कोंडीकडून कळले. डोक्यावर मोळी घेऊन ती त्याच खिडकीशी आली आणि मास्तरांना म्हणाली, “मास्तर, माझा शुक्रा पास झाला.”

मास्तरांनी वर न बघता विचारले, “कोण शुक्रा?”

तिने पुन्हा सांगितले नाही. ती तशीच बाजाराकडे गेली. मान ताठ, मोळी जराही न हलता.

त्यानंतर शाळेत नवा, चकचकीत, साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा आला आणि मला गुंडाळून अडगळीच्या खोलीत टाकले. इथे उजेड नाही. पलीकडे वर्गाची भिंत आहे आणि भिंतीतून दर हिवाळ्यात तोच ओरडा ऐकू येतो. मास्तर बदलले, उत्तर बदलले नाही.

मित्रांनो, नकाशाला हात लावण्यापूर्वी हात धुवा. त्याला छडीने टोचू नका, थुंकी लावलेले बोट नदीवरून फिरवू नका, आणि काम झाले की त्याला कोरड्या जागी ठेवा. एवढे तुम्ही कराल, चांगल्या घरची मुले आहात. पण जीभसुद्धा जपा. कोणी काही पाठ करायला दिले तर ज्यांच्याविषयी ते लिहिले आहे त्यांच्या दारात उभे राहून ते म्हणता येईल का, एवढे आधी बघा. येत नसेल तर ती जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेने कागद घाण होत नाही.