दोन दिवस जादा

थोरल्याचा हात पंपाच्या बटणावर होता आणि धाकट्याचा हात थोरल्याच्या मनगटावर. मी बांधावरून ओरडलो, "अरे सोडा! शॉक बसून दोघंही जाल." पण ऐकतंय कोण!

"आज सहावा दिवस. पाणी माझं," थोरला म्हणाला.

"तुझे पाचच. गणित येत नसेल तर तुझ्या पोरीला विचार."

भांडण एका दिवसाचं होतं, आणि लावून गेला होता त्यांचा बाप. विहीर एक, रानं दोन, पाण्याची पाळी आठ दिवसांची. मरताना म्हातारा म्हणाला, "थोरल्याचं रान मोठं. त्याला दोन दिवस जादा." झालं! थोरला म्हणे, निम्मे चार, वर दोन जादा, म्हणजे सहा. धाकटा म्हणे, मग मला उरले दोन, फरक पडला चारचा. दोनच जादा हवेत तर तुला पाच, मला तीन. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर मिटेना.

म्हाताऱ्याची खोडच ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारायचा, "चार आणि चाराचं निम्मं, किती?" सहा म्हटलं की म्हणायचा चार, चार म्हटलं की सहा. मग खदाखदा हसायचा. लहानपणी मीही त्याच्यापुढे रडलोय. माणूस हुशार, पण समोरच्याला कधी जिंकू म्हणून द्यायचं नाही, ही कसली हुशारी? मला तर त्याचा रागच यायचा.

मग दर पाळीच्या सहाव्या दिवशी पंप बंदच राहायला लागला. दोघं भाऊ काठावर बसून एकमेकांवर पहारा करायचे. ढेकूळ हातात घेतलं तर चटका बसावा असं ऊन, आणि धाकट्याचा मका ऐन कणीस भरायच्या वेळी पिवळा पडलेला. दुपारी सगळं निवांत झालं की विहिरीतून हसल्यासारखा आवाज यायचा. खाली पारवे असतील. पण थोरला एकदा हळूच म्हणाला, "आबा हसतायत," आणि धाकट्यानं मान डोलावली. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

त्या दिवशी मात्र, दोघांचे हात बटणापाशी असतानाच, त्यांची आई, आमची काकू, काठी टेकत विहिरीवर आली.

"हात काढ," ती थोरल्याला म्हणाली. "मला सांगून गेलेत ते. पाच तुझे, तीन ह्याचे."

"कधी सांगितलं?"

"शेवटच्या रात्री. तुम्ही डॉक्टरला आणायला गेला होतात तेव्हा."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"मला कुणी विचारलं?"

थोरल्यानं हात काढला. "आबांनीच सांगितलं असेल तर संपलं." धाकट्यानं बटण दाबलं. मक्याच्या सऱ्यांत पाणी शिरलं, भेगा बुडबुडे सोडत भरायला लागल्या. दोघंही आपापल्या वाटेनं गेले.

काकू मात्र कठड्याला धरून उभीच. मी जवळ गेलो.

"खोटं बोलले रे मी," ती म्हणाली. "विचारलं होतं त्यांना, पाच का सहा. नुसते हसले. हसता हसताच गेले. थोरल्याचा एक दिवस मी चोरला."

"बरं केलंत, काकू. मका जळाला असता."

"बरं केलं ते मलाही कळतं. बरोबर केलं का, ते त्यांनाच ठाऊक."

ती आत वाकली. "अहो, मी केलं ते बरोबर का चूक?"

"चूक..." विहीर म्हणाली.

विहीर शेवटचा शब्द परत देते, हे मला माहीत होतं. तरी अंगावर काटा आला. काकूचा चेहरा पांढराफटक पडला. मग पदर खोचला आणि पुन्हा वाकली.

"नीट ऐका. मी केलं ते चूक का बरोबर?"

"बरोबर..."

मला वाटलं, आता हिच्या जीवाला स्वस्थता मिळेल. ती काठी उचलून वळली.

"मेलात तरी," ती विहिरीकडे न बघता म्हणाली, "दोन्हीकडून बोलायची सवय काही गेली नाही तुमची." आणि डोळे पुसत घराकडे निघाली.