वाळुंजातला पक्षी

एलोइसाने हात वर केला, तसा तिचा थोरला भाऊ प्रोकोपिओ पाटाच्या कडेला थबकला. समोर वाळुंजाच्या जाळीत, शेंड्यावर एक मळकट हिरवा पक्षी बसला होता.

रिओ ग्रांदे नदीच्या या काठावर एलोइसा एकोणीस उन्हाळे सरकारसाठी पक्षी मोजत आली होती. असे माशीमार तिथे तीन जातींचे, दिसायला सख्खी भावंडं. एक कोरड्या माळावरच्या झुडपांत राहून शेपटी सावकाश खाली झुकवायचा. दुसरा डोंगरातला, डोळ्याभोवती ठळक पांढरं कडं असलेला. तिसरा तेवढा पाण्याकाठच्या वाळुंजात घरटं बांधायचा. तो दुर्मीळ झाला होता. पण नुसत्या रूपावर भरवसा नव्हता. तो गायल्याशिवाय कागदावर चढत नसे. एकदा चढला, की ऑगस्ट संपेपर्यंत त्या जाळीला कोयता लावायला बंदी.

आणि याच जाळीने पाट तुंबला होता. पाटाच्या शेवटाला प्रोकोपिओचं घेवड्याचं शेत होतं. शनिवारी गावकरी जाळी तोडायला येणार होते.

पक्ष्याने मान मागे टाकली. अर्धवट राहिलेल्या शिंकेसारखे दोन तुटक सूर आले. फिट्-बियू. हे गाणं फक्त वाळुंजातल्याचं.

एलोइसाने पेन्सिल काढली.

"डोंगरातला असेल, एलो," प्रोकोपिओ हळूच म्हणाला.

"जून संपत आला. डोंगरातले कधीच वर गेले."

"मग ऐकलाच नाही असं लिही. इथे आहे कोण विचारायला?"

"ऐकला ना पण."

"मूठभर पाखरासाठी सख्ख्या भावाचं शेत वाळवणार तू?"

तिने वेळ, जागा, गाणं, सगळं लिहिलं.

शनिवारी कुणी आलं नाही. जुलैत घेवडा पिवळा पडला. प्रोकोपिओ रविवारी जेवायला यायचा बंद झाला, चर्चमध्येही वेगळ्या बाकावर बसू लागला. तो पाटाच्या वरच्या दारापासून बादल्यांनी पाणी वाहतोय, हे तिला शेजारणीकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दोन बादल्या घेऊन शेतावर गेली. प्रोकोपिओने एकदा मान वर करून पाहिलं. तिने पहिली बादली सरीत ओतली, आणि पाणी मुरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग दुसरी सरी तिच्यासाठी सोडून पुढच्या सरीकडे वळला.