सात वाट्या आणि दोन पांढऱ्या गोळ्या

मी गजभिये यांच्या घरातला मसाल्याचा डबा बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात अनेक वर्षं मिरची होती, आणि मिरचीनंतर जे आलं ते तिच्याहून जहाल निघालं.

माझा जन्म नागपूरचा. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात मी इतर डब्यांच्या रांगेत बसलो होतो. कमलाबाईंच्या थोरल्या भावानं बहिणीच्या लग्नासाठी मला निवडलं. दुकानदारानं विचारलं, "नाव टाकायचं?" मग एकानं माझ्या बुडावर सुईचं यंत्र धरलं आणि टरर्‌ टरर्‌ करत लिहिलं, 'कमल बबन गजभिये'. दुखलं. पण त्या दिवसापासून मी कोणाचा, हे कोणाला विचारावं लागलं नाही. वस्तूवर नाव असणं किती गरजेचं आहे, ते मला तेव्हाच कळलं. माणसांना अजून कळलेलं नाही.

बबनरावांना दिल्लीला सरकारी नोकरी लागली आणि मीही दिल्लीकर झालो. आधी मुनिरक्यातली भाड्याची खोली, मग सरकारी क्वार्टर. माझ्या सात वाट्यांत हळद, तिखट, मोहरी, जिरं, धनेपूड, मेथ्या आणि गोडा मसाला. दिवसातून चारदा माझं झाकण उघडायचं. कमलाबाई वाटीकडे न बघता चिमूट उचलायच्या. एवढा विश्वास होता.

या घरात एक रीत होती. रविवारी सगळे एकत्र बसले की बबनराव मुलांना एक विषय द्यायचे. थोरल्या बुद्धभूषणनं एका बाजूनं बोलायचं, धाकट्या लुंबिनीनं दुसऱ्या. दिल्लीत आंबा महाग का, परीक्षा असावी की नसावी, असले विषय. बबनराव म्हणायचे, "वाद घालता आला पाहिजे. ज्याला वाद घालता येत नाही, त्याच्या वाट्याला फक्त हुकूम येतात."

वेळ संपली की ते माझ्यातला छोटा चमचा उचलून माझ्याच झाकणावर टण्णकन मारायचे. घंटा म्हणून दुसरं काही त्यांना कधी सुचलं नाही. मग विचारायचे, "कमल, सांग. कोण जिंकलं?"

कमलाबाई पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "दोघंही."

"दोघंही कसे जिंकतील?"

"मला काय ठाऊक? लेकरं माझी आहेत."

सगळे हसायचे. तेव्हा मलाही ते उत्तर आवडायचं. आता त्याच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही.

मुलं मोठी झाली. बुद्धभूषण परीक्षा देऊन सरकारी अधिकारी झाला. औषधांच्या किमती किती असाव्यात हे ठरवणाऱ्या कचेरीत त्याचं टेबल आहे. लक्ष्मीबाई नगरचं हे क्वार्टर त्याच्या नावावर मिळालं. लुंबिनी फार्मसी शिकली आणि गुरुग्रामच्या एका औषध कंपनीत लागली. तिथंच उंच इमारतीत राहते. रविवारी मेट्रोनं येते.

म्हणजे बघा, बबनरावांनी ज्या दोघांना लहानपणी समोरासमोर बसवलं, ते पोटापाण्यालाही समोरासमोरच बसले.

मधल्या काळात माझी रवानगी माळ्यावर झाली. लुंबिनीनं काचेच्या, हवाबंद, लेबल लावलेल्या बरण्या आणल्या. "आई, तो डबा काढ आता. किती जुना दिसतो!" मी धूळ खात पडलो. खालचे आवाज मात्र वर यायचे, आणि ते दर रविवारी चढत गेले. आता विषय द्यावा लागत नव्हता. विषय एकच होता.

मग कमलाबाईंना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, जेवणाआधी रोज एक. बुद्धभूषणनं ती सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानातून आणली. पांढऱ्या पाकिटावर फक्त औषधाचं नाव, दुसरं काही नाही. रविवारी लुंबिनीनं ते पाकीट उचललं.

"दादा, आईला ही देतोयस? यार, निदान आईच्या बाबतीत तरी कंजूसपणा करू नकोस!"

पुढच्या खेपेला तिनं आपल्या कंपनीचं पाकीट आणलं. चकचकीत, निळं, नावापुढे 'प्लस'. "आई, ही घे. ती सोड." ती गेल्यावर बुद्धभूषणनं ते पाकीट बघितलं. "आई, हिला हात लावू नकोस. माझीच घे."

पाकीट दिसलं की भांडण सुरू व्हायचं. चहाच्या वेळी, फोनवर, भाजी निवडताना. शेवटी एका बुधवारी कमलाबाईंनी स्टूल घेतलं, मला माळ्यावरून उतरवलं, चिंच लावून घासलं आणि दोन्ही पाकिटांतल्या गोळ्या फटाफट काढून माझ्या वाट्यांत टाकल्या. सात वाट्या, सात वार. पाकिटं कचऱ्याच्या बादलीत.

"घ्या," त्या मला म्हणाल्या. एकट्या असल्या की त्या भांड्यांशी बोलतात. "आता ना निळं, ना पांढरं. भांडा कशावर भांडता ते."

प्रत्येक वाटीत दोन गोळ्या होत्या. एक लेकाची, एक लेकीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर नाव नाही. मी बुडावर नाव घेऊन बसलेला डबा, आणि माझ्या पोटात ही दोन बेवारस पोरं.

तुम्ही म्हणाल, बाई अडाणी असेल. मुळीच नाही. कमलाबाई रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांनी विचार करूनच हे ठरवलं होतं. शेजारच्या क्वार्टरमधल्या अलकनंदाबाईंना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं.

"अहो, वेगवेगळी औषधं असणार. एकच असतं तर माझी दोन शिकलेली मुलं एवढी भांडली असती का?"

"पण दोन्ही घ्यायच्या?" अलकनंदाबाईंनी विचारलं.

"एकाची घेतली तर दुसऱ्याला वाईट वाटतं. आणि साखरेचीच गोळी ना दोन्ही? जास्त बरी होईन, अजून काय!"

तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला फक्त झाकण आहे, आणि तेही दुसऱ्यानं उघडावं लागतं.

पुढचे चार दिवस वाईट गेले. कमलाबाईंचे हात थरथरायचे. कपाळावर घाम यायचा. त्या गुळाचा खडा तोंडात टाकून कट्ट्याला टेकायच्या आणि म्हणायच्या, "दिल्लीचा उकाडा, बाप्पा." बुद्धभूषणला वाटत होतं आई आपलीच गोळी घेते. लुंबिनीला वाटत होतं आपली. दोघंही आपापल्या जागी जिंकल्यासारखे खूश होते.

मग रविवार आला. कमलाबाईंनी रविवारच्या वाटीतल्या दोन गोळ्या घेतल्या आणि वरणाला फोडणी दिली. दहा मिनिटांत पानं वाढायची होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत सुरू झालं. बबनराव आत येऊन मला उचलून घेऊन गेले. घंटा हवी होती ना!

"विषय," ते हौसेनं म्हणाले, "औषधं महाग आहेत, याला जबाबदार कोण? लुंबिनी, बोल."

"एक औषध बाजारात येईपर्यंत किती प्रयोग फसतात, माहितीये? तो खर्च कोण देणार, दादाचं ऑफिस?"

"हे औषध तुम्ही शोधलंय?" बुद्धभूषण उसळला. "ते आपल्या दोघांच्या जन्माआधीचं आहे! तुम्ही त्यात चिमूटभर व्हिटॅमिन घातलं आणि पुढे 'प्लस' लावलं. कशाला? आम्ही साध्या गोळीची किंमत बांधली, तिच्यातून निसटायला!"

"नियम तुम्ही लिहिला. भोक तुम्ही ठेवलंत. आम्ही त्यातून गेलो तर आम्ही चोर?"

"चोर नाही. भोक दिसलं की घुसणाऱ्याला उंदीर म्हणतात."

"भूषण!" कमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. "जेवून घ्या रे आधी."

"एक मिनिट, आई." लुंबिनीचा चेहरा लाल झाला होता. "उंदीर काय? बरं. तुझ्या त्या स्वस्त गोळीत औषध किती आणि खडू किती, हे शेवटचं कोणी तपासलं? तपासायला माणसं आहेत का तुमच्याकडे? किंमत बांधता आणि दर्जा देवावर सोडता!"

"डॉक्टरांना गोव्याला फिरवणाऱ्या कंपनीनं मला दर्जा शिकवू नये. त्या सहलीचे पैसे पेशंट देतो. आई देते!"

"आईला मी फुकट आणून देते!"

"आईला! आणि बाकीच्यांच्या आया?"

टण्ण! बबनरावांनी माझ्या झाकणावर चमचा मारला. त्यांना मजा येत होती. मुलांचे आवाज ऐकून त्यांची छाती फुगली होती. "छान! दोन्ही बाजू बिल्कुल जोरदार. कमल, सांग आता. कोण जिंकलं?"

कमलाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. तोंड घामानं भिजलं होतं.

"सांग ना. दोघंही?"

त्यांचे ओठ हलले. मग चौकटीवरचा हात सुटला आणि त्या खाली बसत गेल्या, एखादी ओली साडी दोरीवरून घसरावी तशा.

तेव्हाही भांडण थांबलं नाही. लुंबिनी साखर आणायला धावली. "शुगर डाउन आहे, पाणी दे!" बुद्धभूषणनं तिचा हात धरला. "शुद्ध नाहीये तिला, तोंडात पाणी ओतू नकोस!" "तू मला शिकवणार?" शेवटी बबनराव ओरडले, "गाडी बोलवा रे कोणीतरी!" त्या घरात पहिल्यांदा हुकूम दिला गेला, तो असा.

"बाबा, आईची औषधं घ्या बरोबर," लुंबिनी म्हणाली. पाकीट एकही सापडलं नाही. मग बबनरावांना चमचा काढताना दिसलेल्या गोळ्या आठवल्या आणि गाडीत त्यांनी मलाच मांडीवर घेतलं.

दवाखान्यात कमलाबाईंच्या हाताला ग्लुकोजची बाटली लागली. तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "कौन-सी दवा लेती हैं? गोलियों का पत्ता दिखाइए."

बबनरावांनी मला पुढे केलं. सोमवार-मंगळवारच्या गोळ्या अजून माझ्यात होत्या. झाकण उघडलं. हळदीचा जुना वास दवाखान्यात पसरला. डॉक्टरबाई माझ्यात डोकावल्या.

"ये क्या है? मसाले का डिब्बा?"

"जी. उसी में है."

"इनमें कौन-सी क्या है?"

बुद्धभूषण वाकला. "ही मधे रेघ असलेली, ही मी आणलेली." लुंबिनीनं दुसरी उचलली. "ही आमची." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही लक्षात एकदमच आलं.

"दोनों में दवा एक ही है," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डबल डोस, और खाना भी नहीं खाया. थोड़ी देर और होती तो..."

तुम्हाला वाटेल, आता ती भावंडं गळ्यात पडून रडली असतील. नाही. खाटेपासून चार पावलं लांब जाऊन पुन्हा सुरू झाली, फक्त दबक्या आवाजात.

"तुमच्या कंपनीनं नाव बदललं म्हणून हे झालं."

"तुमच्या सरकारनं बदलू दिलं म्हणून झालं."

"आप लोग झगड़ा बाहर कीजिए," डॉक्टरबाई कडाडल्या.

खरं सांगू? दोघांचंही म्हणणं खरं होतं. म्हणूनच मला दोघांचा राग येतो. दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं, म्हणून आपला हात कोणी बघत नाही.

संध्याकाळी कमलाबाईंनी डोळे नीट उघडले. बबनराव त्यांच्या उशाशी होते. मुलं पायथ्याशी, एक इकडे, एक तिकडे. कमलाबाईंनी हळूच विचारलं, "दोन्ही एकच औषध होतं?"

"हो, आई," लुंबिनी म्हणाली.

"मग नाव वेगळं काऊन होतं?"

लुंबिनीनं बुद्धभूषणकडे बघितलं. बुद्धभूषणनं खिडकीकडे. बबनरावांच्या खिशात माझा चमचा राहिला होता. त्यांनी तो काढला, बघितला आणि माझ्यात ठेवून दिला.

घरी आल्यावर कमलाबाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः औषधाच्या दुकानात गेल्या. परत येऊन बबनरावांना सांगत होत्या. "मी विचारलं, भैया, इसमें और उसमें फ़र्क़ क्या है? तो म्हणाला, पॅकिंग का और दाम का, माताजी. मी म्हटलं, हे तुम्ही आधी काऊन नाही सांगत? म्हणाला, कोई पूछता ही नहीं."

आता गोळ्या त्यांच्या पाकिटातच राहतात. पाकीट फेकायचं नाही, कापायचंही नाही. मला त्यांनी पुन्हा घासलं, उन्हात वाळवलं, आणि हळदीच्या वाटीत हळद घातली, तिखटाच्या वाटीत तिखट. काचेच्या बरण्या माळ्यावर गेल्या.

लुंबिनी रविवारी येते. भावंडं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. परवा आमटीवरून का कशावरून पुन्हा तोंडाला तोंड लागलं, आणि बबनराव सवयीनं बोलून गेले, "कमल, कोण जिंकलं?"

कमलाबाईंनी माझं झाकण उघडलं, वाटीकडे नीट बघून चिमूटभर हळद घेतली आणि आमटीत टाकली.

"मी," त्या म्हणाल्या. "मी जगले ना. चला, जेवायला बसा."

कोणी हसलं नाही. सगळे जेवायला बसले.

माझं एवढंच. मी जुना झालोय, एका बाजूनं चेपलोय, बुडावरचं नाव मात्र अजून वाचता येतं. तुमच्या घरात औषध आलं तर त्याचं नाव विचारा. कंपनीनं दिलेलं नको, खरं. ते सांगायला कोणी तयार नसेल, तर त्याच्यासमोर माझ्या झाकणासारखं ठणठण वाजा. आणि मसाल्याच्या डब्यात मसालाच ठेवा. बाकीचं पाप आमच्या पोटात घालू नका.