होझियाचा बूट

"लेम्युएल आल्याशिवाय गाडी हलणार नाही," पुढच्या सीटवरून होझियाने बजावलं.

डेल्फीनने चावी हातातच धरली. लेम्युएल तिचा काका, होझियाचा धाकटा भाऊ, बँडमधला बास गिटारवाला. तो जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्याचा बास आता तीच वाजवत होती.

"तो परस्पर येतोय," मागून ऑल्विन म्हणाला. "चल गं, पोरी."

ऑल्विन ड्रमवाला. चाळीस वर्षं गायक होझियाच्या पाठीकडे बघत त्याने आयुष्य काढलं होतं. पण खोटं बोलायची सवय नव्हती.

मिसिसिपी नदीच्या पूरबंधाऱ्यालगत, तळलेल्या माशांच्या वासात, दुपारी स्टेज मांडलं होतं. बंधाऱ्यापलीकडे नदी फुगलेली.

"काका, बाबांना आज स्टेजवर नका चढवू," डेल्फीन ऑल्विनच्या कानाशी कुजबुजली.

"घरी बसवलंस तर आठ दिवसांत संपेल गं तो."

या बँडमध्ये मात्रा कोणी मोजत नसे. होझिया लहरी, ओळ कधी आखडायचा, कधी ताणायचा. सगळ्यांची नजर त्याच्या उजव्या बुटावर. टाच पडेल तिथे सम. एकदा तो ऑल्विनला म्हणाला होता, "मी भरकटलो ना, की ड्रमच्या कडेवर दोन ठोके दे आणि गाणं मिटव. माझं हसं होऊ देऊ नकोस, लेका." ऑल्विनने हसत हसत शब्द दिला होता. तेव्हा हसायला काय जात होतं!

तिसरं गाणं सुरू झालं.

"नदी चढली, बाई, माझ्या दाराशी आली..."

ब्लूज गाण्यांच्या रिवाजाप्रमाणे ओळ दोनदा आली. आता उत्तराची ओळ. पण होझियाने पहिलीच पुन्हा म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्याची लहर! चौथ्यांदा तीच. टाळ्या विरल्या. बूट थांबला. होझिया मागे वळला. यात्रेत हरवलेल्या पोरासारखे डोळे होते त्याचे.

शब्द पाळायची वेळ आली होती. ऑल्विनने कडेवर ठोके द्यायला काठी उचलली, पण ती खाली येईना. ज्याने स्टेजवर जन्मात तोंड उघडलं नव्हतं, तो माणूस घोगऱ्या आवाजात गायला लागला.

"नाव होती एकच, ती तूच घेऊन गेली..."

होझियाचा चेहरा उजळला. टाच पडली. मग प्रत्येक कडव्याला तो दोन ओळी म्हणून निवांत थांबू लागला आणि ऑल्विन उत्तर देऊ लागला. लोक बेभान झाले. डेल्फीन मात्र मान खाली घालून वाजवत होती.

संध्याकाळी सगळे गाडीत बसले. होझिया खुशीत मागे वळून म्हणाला, "झकास गायलास रे, लेम्युएल!"

ऑल्विनने विचारलं, "कुठे चुकलो का?"

"शेवटी घाई केलीस. नेहमीचंच तुझं." मग त्याने खिडकीतून मैदानभर नजर फिरवली. "आणि ऑल्विन कुठे राहिला? तो आल्याशिवाय गाडी हलणार नाही."

डेल्फीनने चावी हातातच धरली. आरशात तिचे डोळे भरून आले होते.

ऑल्विनने काठ्या मांडीवर नीट जुळवून ठेवल्या.

"तो परस्पर येतोय," तो म्हणाला. "चल गं, पोरी."